फोटो पेपर घेताना नक्की काय बघायचं? (टँक प्रिंटर, ४×६ आणि ए४)

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

घरी कॅननचा जी मालिकेतला चार बाटल्यांचा टँक प्रिंटर आहे, कागद मागून घालायचा. छापायचंय दोन प्रकारचं: अल्बमसाठी ४×६ चे दीडेकशे फोटो (बहुतेक फोनवरचे), आणि घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोंचे स्कॅन ए४ आकारात, फ्रेम करायला.

दुकानात १३० पासून ३०० जीएसएमपर्यंत पाकिटं आहेत आणि प्रत्येकावर 'हाय ग्लॉसी', 'प्रीमियम', 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं आहे. सध्या हाताशी १८० जीएसएमचा ए४ ग्लॉसी कागद आहे. त्यावर गडद भाग ओलसर राहतो, काळा रंग हाताला लागतो आणि छापून झाल्यावर कागद लाटांसारखा होतो.

१) जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला कागद, हे खरं का?
२) प्रिंटर ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा कागद घ्यावा का?
३) ग्लॉसी, मॅट, लस्टर यांतलं कशासाठी काय?

मुक्काम रत्नागिरी. पावसाळा हिशेबात धरूनच सांगा.

शाईवाला

काळा रंग हाताला लागतोय त्यापासून सुरू करू, कारण त्यात बहुधा कागदाचा दोष नाही.

तुमच्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आहे आणि बाकी तीन रंग डाय आहेत. कॅननच्या चार बाटल्यांच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हीच रचना असते. डाय म्हणजे पूर्ण विरघळलेला रंग, तो कोटिंगच्या (कागदावरच्या शाई शोषणाऱ्या थराच्या) आत उतरतो. पिगमेंट म्हणजे बारीक कण. साध्या कागदाच्या तंतूंवर ते घट्ट बसतात, म्हणून अक्षरं ठसठशीत येतात. ग्लॉसी कोटिंगच्या छिद्रांत मात्र ते कण शिरत नाहीत, वरच राहतात आणि बोट फिरवलं की निघतात.

प्रिंटरला हे ठाऊक असतं. ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) 'मीडिया टाइप', म्हणजे कागदाचा प्रकार, म्हणून ग्लॉसी फोटो पेपर निवडलात की तो काळी बाटली बाजूला ठेवतो आणि निळा, किरमिजी, पिवळा एकत्र करून काळा बनवतो. 'प्लेन पेपर' तसंच राहिलं तर ग्लॉसीवर पिगमेंट ओततो. तेव्हा आधी तेवढं बदला आणि त्याच १८० च्या कागदावर परत छापून बघा.

या एका सेटिंगने आणखीही बरंच ठरतं: शाई किती पडणार, थेंबाचा आकार, शाई फेकणारं हेड एकाच पट्ट्यावरून किती वेळा फिरणार, रंगांचं कोणतं कोष्टक वापरणार. चांगला कागद आणि चुकीचा मीडिया टाइप ही जोडी स्वस्त कागदापेक्षा वाईट प्रिंट देते.

फोनवरून छापत असाल तर कंपनीचं अ‍ॅप वापरा आणि त्यात कागदाचा प्रकार दिसतोय ना ते बघून मगच प्रिंट द्या. फोनच्या साध्या प्रिंट मेनूत हा पर्याय बऱ्याचदा नसतो.

खरखरीत_मॅट

प्रश्न १ चं उत्तर: नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. कागद हाताला भरीव लागेल की नाही हे त्यावरून कळतं. शाई कशी बसेल ते कोटिंग ठरवतं आणि कागद वाकेल की नाही ते खालचा पाया ठरवतो.

बाजारातल्या ग्लॉसी कागदांची ढोबळ विभागणी अशी:

कास्ट कोटेड. साध्या कागदावर कोटिंग देऊन ते ओलं असताना आरशासारख्या तापलेल्या रोळावर दाबून चकाकी आणलेली असते. १३० ते २३० जीएसएमची स्वस्त पाकिटं बहुतेक यातली. पाया साधा कागदच, त्यामुळे शाईतलं पाणी पायापर्यंत पोचतं, तंतू फुगतात आणि कागद लाटांसारखा होतो. तुमचा १८० चा कागद हाच असणार.

आरसी, म्हणजे रेझिन कोटेड. कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ थर आणि छापायच्या बाजूला त्यावर शाई शोषणारं कोटिंग. पाणी पायापर्यंत जातच नाही, म्हणून कितीही गडद फोटो छापला तरी कागद सपाट राहतो. लॅबमधून आलेल्या फोटोचा जो स्पर्श असतो तो या पायाचा. साधारण २४० जीएसएमच्या पुढे यातले कागद जास्त मिळतात, पण २७० लिहिलंय म्हणजे आरसीच असं धरू नका. पाकिटावर 'आरसी' किंवा 'रेझिन कोटेड' शब्द शोधा.

पाकीट उघडलेलं असेल तर खात्री करायला मिनिट लागतं. कागदाच्या मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. कास्ट कोटेडची पाठ थोड्या वेळात पाणी पिते आणि डाग पडतो, आरसीवर थेंब तसाच बसून राहतो. दुसरी खूण: कोपरा हळू फाडा. आरसी असेल तर फाटताना पातळ फिल्म ताणली जाते आणि कडेला पापुद्रा दिसतो. कास्ट कोटेड पुठ्ठ्यासारखा सरळ फाटतो.

फ्रेमचे ए४ आणि अल्बम दोन्हींसाठी आरसीच घ्या. १८० चं पाकीट चाचणीला, शाळेच्या प्रकल्पांना, ग्रीटिंगला संपवा.

दवबिंदू

वरच्याला +१. कोटिंगबद्दल थोडी भर.

शाई शोषणारे थर दोन जातींचे. एक सच्छिद्र: सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण बाइंडरमध्ये (त्यांना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात) बसवलेले, शाई कणांमधल्या पोकळीत शिरते. 'इन्स्टंट ड्राय' लिहिलेले कागद हे. दुसरी फुगणारी जात: जिलेटिनसारखा पॉलिमर शाई पिऊन फुगतो आणि तिला आत कोंडून घेतो. तो सावकाश वाळतो आणि दमट हवेत चिकटतो, पण डाय शाईला हवेपासून जास्त जपतो. आता दुकानात दिसतात ते जवळजवळ सगळे सच्छिद्रच.

त्याचा परिणाम असा की सच्छिद्र कागदावर डाय शाईने छापलेला फोटो उघडा भिंतीवर चिकटवला की रंग उडतो तो उन्हानेच असं नाही. हवेतला ओझोन त्या उघड्या छिद्रांतून रंगापर्यंत पोचतो. काचेमागे किंवा अल्बमच्या कप्प्यात ठेवलेला तोच फोटो कितीतरी जास्त टिकतो. फ्रिजवर चुंबकाने लावलेले फोटो आधी का फिकटतात याचं हेच कारण.

आणि 'वॉटरप्रूफ' शब्दावर फार विसंबू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ कागद भिजून फाटणार नाही एवढाच असतो. डाय शाई ओघळणार नाही असं वचन त्यात नसतं.

अनुस्वार

मीडिया टाइप 'ग्लॉसी फोटो पेपर' केल्यावर काळा हाताला लागत नाही. कागद अजून वाकतो, ते कारण आता कळलं. पाण्याच्या थेंबाची चाचणी केली, पाठीवर डाग पडला. म्हणजे कास्ट कोटेडच.

आता प्रश्न २. कंपनीचा कागद बराच महाग दिसतोय.

ओरिजिनलच_बरं

कंपनीचाच घ्या. प्रिंटर, शाई आणि कागद तिघांचं गणित एका ठिकाणी बसवलेलं असतं. ड्रायव्हरमधल्या यादीत जी नावं आहेत ती त्याच कागदांची आहेत. नाव निवडलं, प्रिंट दिली, विषय संपला.

कॅननमध्ये बघायची नावं: फोटो पेपर प्लस ग्लॉसी टू (पीपी-२०१, २६५ जीएसएम), सेमी-ग्लॉस (एसजी-२०१, २६० जीएसएम), प्रो लस्टर (एलयू-१०१, २६० जीएसएम), मॅटमध्ये एमपी-१०१ (१७० जीएसएम). एपसन प्रिंटरवाल्यांसाठी प्रीमियम ग्लॉसी २५५ जीएसएम आणि त्याच्या खाली साधा फोटो पेपर ग्लॉसी २०० जीएसएम.

आणि जीएसएमच्या मुद्द्यावर हेच बघा की, कंपनीचा मॅट १७० चा आहे. लोक २३० चा मॅट शोधत बसतात.

शाईवाला

अंशतः सहमत. महत्त्वाचे चार-सहा ए४ असतील तर कंपनीचा कागद घ्यावा, वाद नाही. दीडशे ४×६ साठी मात्र बाहेरचा आरसी कागद नीट बसवून घेतला तर पुरतो. नीट बसवायचं ते असं:

वीस कागदांचं लहान पाकीट आणा, शंभराचं नको. एकच फोटो निवडा, ज्यात चेहरा, आकाश, काळे केस आणि पांढरा कपडा असं सगळं आहे. तो ४×६ वर तीनदा छापा: एकदा 'प्लस ग्लॉसी टू', एकदा 'ग्लॉसी फोटो पेपर', एकदा 'सेमी-ग्लॉस' सेटिंगवर. बाकी काही बदलू नका, क्वालिटी तिन्ही वेळा 'हाय'. प्रत्येकाच्या मागे बॉलपेनने सेटिंग लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ तिन्ही शेजारी ठेवून बघा. लगेच बघू नका, वाळताना रंग थोडे बदलतात.

शाई थेंबाथेंबाने साचलेली दिसली, गडद भागाला चिकट चमक आली तर ते सेटिंग त्या कागदाला झेपत नाही. कमी शाईच्या सेटिंगवर या. रंग मलूल आणि दाणेदार वाटला तर उलट करा.

काही कागद उत्पादक आपल्या संकेतस्थळावर प्रिंटरनिहाय आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर त्या प्रिंटरचे रंग कसे येतात हे सांगणारी फाइल) देतात. ते वापरायचं तर रंगाचा कारभार फोटोच्या सॉफ्टवेअरकडे द्या आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती 'नन' वर ठेवा. दोघांनीही रंग सुधारले की प्रिंट बहुधा लालसर-किरमिजी येते, आणि शिव्या कागदाला बसतात. प्रोफाइल मूळ शाईसाठी असतं हेही लक्षात ठेवा. बाटलीत दुसरी शाई भरली असेल तर त्याचा उपयोग नाही.

बाहेरच्या कागदाचा खरा धोका वेगळा आहे. त्याच नावाच्या, त्याच वेष्टनाच्या पुढच्या पाकिटात कागद वेगळा निघू शकतो. म्हणून अल्बम एकसारखा हवा असेल तर चाचणी जमल्यावर लागेल तेवढा कागद एकदमच आणि एकाच बॅचचा घ्या.

ओरिजिनलच_बरं

बॅचचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की हो! :)

मिणमिणता_दिवा

प्रश्न ३ कोणी घेतलाच नाही, म्हणून लिहितो.

ग्लॉसीत काळा सर्वात खोल दिसतो आणि रंग उठून दिसतात. पण बोटांचे ठसे पडतात, खिडकीसमोर भिंतीवर लावला तर फोटोऐवजी खिडकीच दिसते, आणि काचेला चिकटतो. तिसरा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा. फ्रेमच्या काचेला ग्लॉसी कोटिंग थेट टेकलं आणि दोन पावसाळे गेले की ओल्या डागांसारखे चट्टे दिसायला लागतात. नंतर काढायला गेलात तर कोटिंग काचेवर राहतं.

उपाय: फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट बोर्ड घालायला सांगा. फ्रेमवाले 'माउंट' म्हणूनच ओळखतात. खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा फोटोभोवती येतो आणि काच एक-दीड मिलिमीटर वर राहते. बाहेरून फ्रेम मोठी लागते, ए४ फोटोला साधारण १२×१६ इंचाची चांगली दिसते.

लस्टर किंवा सेमी-ग्लॉस: पृष्ठभागावर बारीक दाणा असतो. ठसे दिसत नाहीत, चमक मारत नाही, रंगाची खोली ग्लॉसीच्या जवळपास. घरात कोणता एकच कागद ठेवायचा असं विचारलंत तर हा. लहान दुकानांत सहज मिळत नाही, मागवावा लागतो.

मॅट: काळा काळाकुट्ट येत नाही, गडद राखाडीवर थांबतो. म्हणून रात्रीचे, रोषणाईचे फोटो त्यावर बसके वाटतात. उलट जुने कृष्णधवल फोटो, पेन्सिल स्केच, कॅलेंडर, पत्रिका यांना मॅट शोभतो, आणि त्यावर पेनाने लिहिता येतं. दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेला मॅटही मिळतो, घरच्या फोटोबुकासाठी तो शोधा. तुमच्या प्रिंटरला आणखी एक फायदा: मॅट कोटिंगवर पिगमेंट काळी शाई बसू शकते. मॅट फोटो पेपर निवडल्यावर प्रिंटर ती वापरतो का हे मॉडेलवर अवलंबून आहे, तेव्हा छापून बोट फिरवून बघा.

खरखरीत_मॅट

माझ्या नावाला जागून मॅटला माझं मत. :)

पण जुन्या फोटोंबद्दल एक सावधगिरी. चार रंगांच्या प्रिंटरवर ग्लॉसीला काळी बाटली वापरली जात नाही, म्हणजे राखाडीची प्रत्येक छटा तीन रंग मिसळून बनते. मिश्रण जरा हललं की फोटो कुठे हिरवट, कुठे जांभळट दिसतो. शिवाय ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरंच. ड्रायव्हरमध्ये 'ग्रेस्केल' टिक करून बघा, पण ग्लॉसीवर त्याने पूर्ण सुटत नाही. सोपी वाट म्हणजे फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी सेपिया छटा द्यायची. उबदार छटेत बारीक बिघाड डोळ्याला कळत नाही, आणि जुन्या फोटोंना ती शोभतेही.

कृष्णधवल फोटोच जास्त छापायचे असतील तर पुढचा प्रिंटर घेताना करड्या शाईचं मॉडेल बघा. कॅनन जी५७० आणि जी६७० मध्ये सहा शाया आहेत, त्यात एक करडी आणि एक लाल. एपसन एल८०५० मध्येही सहाच, पण तिथे जास्तीच्या दोन म्हणजे फिका निळा आणि फिका किरमिजी. त्वचेच्या आणि आकाशाच्या फिक्या छटा त्याने मऊ येतात, करडी मात्र त्यात नाही.

कऱ्हाकाठ

वाचनखूण साठवली. एक शंका: पाकिटातला कागद कोणत्या बाजूने छापायचा हे कसं ओळखायचं? ग्लॉसीत कळतं, मॅटमध्ये दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

दवबिंदू

बोट किंचित ओलं करून कोपऱ्याच्या अगदी टोकाला लावा. कोटिंगची बाजू बोटाला धरते, चिकटल्यासारखी वाटते. पाठ धरत नाही. पांढरेपणातही फरक असतो, कोटिंगची बाजू सहसा जास्त पांढरी.

घालताना: मागच्या ट्रेच्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू आपल्याकडे. पुढच्या, खालच्या ट्रेमधून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू खाली, कारण कागद आत उलटा वळून येतो. त्या वळणामुळेच जाड कागद अशा प्रिंटरांत अडकतात किंवा कडेला दुमडतात. २६० च्या पुढचा कागद आणण्याआधी मॅन्युअलमध्ये कमाल जाडी बघा.

उलट्या बाजूने छापलं गेलं तर आरसीच्या पाठीवर शाई तळ्यासारखी साचते आणि वाळत नाही. तो कागद टाकून द्या आणि लगेच दोन-तीन साधे कोरे कागद प्रिंटरमधून काढा. नाहीतर रोळांवरची शाई पुढच्या फोटोंच्या पाठीवर उमटते.

भर_पावसात

रत्नागिरीचा उल्लेख आहे म्हणून पावसाळ्याबद्दल सविस्तर.

फोटो पेपरला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत किनाऱ्यावर ती ८५-९० ला टेकलेली असते. कोटिंग हवेतलं पाणी आधीच पिऊन बसतं, मग शाईला जागा कमी उरते. त्यामुळे तोच कागद, तेच सेटिंग, पण जानेवारीत चकचकीत आणि जुलैत चिकट. कडा पसरतात, कागद एकमेकांना धरून दोन-दोन आत ओढले जातात.

पाकीट उघडल्यावर आतली प्लॅस्टिकची पिशवी फेकू नका. कागद त्याच पिशवीत, ती झिपच्या मोठ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि सगळं आडवं सपाट ठेवायचं. उभं ठेवलं की कागद कमान धरतो. लागतील तेवढेच कागद काढा, छापून झालं की उरलेले परत आत. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेला फोटो पेपर सकाळी वाकलेला असतो, आणि वाकलेल्या कागदाची कड हेडला घासते. फोटोच्या सुरुवातीला किंवा शेवटी शाईचा फराटा दिसला तर हेच झालंय असं समजा. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये 'प्रिव्हेंट पेपर अ‍ॅब्रेजन' असा पर्याय असतो, तो हेड जरा वर घेतो. काम झालं की बंद करा, नाहीतर बारीक तपशील मऊ होतो.

ए४ मोठे फोटो छापायचेत तर दिवाळीपर्यंत थांबता येतंय का बघा. नसेल तर खोलीत तासभर एसी ड्राय मोडवर चालवून मग छापा.

विदर्भवाल्यांना उलटा त्रास. मे महिन्यात कोटिंग कोरडं पडून आकसतं आणि कागद छापायच्या बाजूकडे वळतो, हेडही लवकर सुकतं. आणि प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका, एका बाजूने दमट आणि दुसऱ्या बाजूने धूळ.

शाईवाला

वाळवण्याबद्दल राहिलं. 'इन्स्टंट ड्राय' म्हणजे हाताला कोरडं. शाईत पाण्याखेरीज ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रव असतात, ते छिद्रांत अडकून राहतात. लगेच फ्रेम केलं तर तेच द्रव काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बनून बसतात. फोटो १५-२० मिनिटं उघडा ठेवा, मग त्यावर साधा कोरा कागद अंथरून २४ तास राहू द्या. कोरा कागद ते द्रव ओढून घेतो. तो लाटांसारखा झाला तर बदलून आणखी एक दिवस. पावसाळ्यात दोन दिवस धरा. फोटोंची थप्पी करायची तर प्रत्येकामध्ये कोरा कागद हवाच.

अनुस्वार

हे सगळं छापून ठेवण्याजोगं आहे (प्लेन पेपरवर!). आता आकार. फोनवरचे फोटो ४×६ वर छापताना वरखाली कापले जातात. आणि ए४ कागद कापून ४×६ केले तर परवडेल का?

मिणमिणता_दिवा

फोनचा फोटो ४:३, कागद ३:२. पूर्ण कागद भरायचा म्हटलं तर साधारण ११ टक्के भाग जाणारच. तो कुठून जावा हे प्रिंटरवर सोडू नका, आधी ३:२ मध्ये स्वतः क्रॉप करा. नाहीतर डोक्यावरची पगडी जाते. बॉर्डरलेसमध्ये (समास न सोडता छापताना) प्रिंटर फोटो आणखी थोडा मोठा करून कडेबाहेर छापतो, म्हणून महत्त्वाचं काही कडेपासून ३-४ मिलिमीटरच्या आत ठेवू नका.

पिक्सेल: ४×६ ला ३०० पीपीआयने (इंचामागे ३०० पिक्सेल) १२००×१८०० लागतात, ए४ ला २४८०×३५०८. २०० पीपीआयलाही चांगलं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. ४×६ ला ती चालते, ए४ ला १४० पीपीआयच्याही खाली जाते. ए४ साठी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

एका ए४ मध्ये ४×६ चे तीन बसतात: दोन उभे शेजारी-शेजारी आणि त्यांच्याखाली एक आडवा. रुंदीत ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर लागतात आणि कागद २१० चा, त्यामुळे समास अगदी काठावर. ५×७ चे दोन बसतात. पैशाचा हिशेब करताना ए४ ची किंमत तीनने भागा आणि ४×६ च्या पाकिटातल्या एका कागदाशी ताडून बघा. बहुतेक वेळा कापण्याची कटकट वाचलेली बरी. कापायचंच तर आधी छापा, मग कापा. कोऱ्या कागदाच्या कापलेल्या कडेचा कोटिंगचा भुगा फोटोवर पडतो आणि तिथे पांढरे ठिपके राहतात.

पासपोर्ट आकाराचे, ३५×४५ मिमीचे, एका ४×६ कागदात आठ बसतात.

हिशेबी

थोडं रंगात भंग करतो. दीडशे ४×६ घरी छापू नका. बऱ्याच लॅबमध्ये ते शाईने छापत नाहीत, प्रकाशाने उमटवून रसायनात धुतात, तसं आहे का ते विचारून घ्या. सिल्व्हर हॅलाइडचा खरा फोटोग्राफिक कागद. एवढ्या संख्येला प्रति फोटो खर्च सहसा घरच्यापेक्षा कमी पडतो, आणि टिकाऊपणात घरच्या डाय शाईला तो भारी आहे. बॉर्डरलेस छापताना कडेबाहेर उडालेली शाई प्रिंटरच्या आतल्या स्पंजमध्ये जाते, तो भरला की वेगळा खर्च. घरचा प्रिंटर ए४, मॅट, सेपिया, पत्रिका आणि आजच्या आज हवे असलेले चार फोटो यांच्यासाठी ठेवा.

ओरिजिनलच_बरं

हे मान्य. लॅबला देताना 'ऑटो करेक्शन नको' असं सांगायचं आणि फाइल एसआरजीबीत (रंगांची नेहमीची मोजपट्टी) द्यायची. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या मोजपट्टीत असतात, बदलून दिले नाहीत तर काही ठिकाणी फिके छापले जातात.

कऱ्हाकाठ

अवांतर: घरी लेझर प्रिंटर आहे, त्यात हा ग्लॉसी कागद चालेल का? आणि फोटोला लॅमिनेशन?

खरखरीत_मॅट

लेझरमध्ये इंकजेटचा आरसी कागद अजिबात घालू नका. लेझरचा फ्यूजर (रंगाची पूड कागदावर वितळवून बसवणारा भाग) १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो, पॉलिथिन आणि कोटिंग वितळून त्याच्या रोळाला गुंडाळतं. दुरुस्तीचा खर्च नव्या प्रिंटरच्या जवळ जाऊ शकतो. लेझरसाठी वेगळा ग्लॉसी कागद मिळतो, पाकिटावर 'लेझर' लिहिलेलं असतं. तो उलट इंकजेटमध्ये चालत नाही, शाई वरच तरंगते.

लॅमिनेशन करायचं तर कोल्ड फिल्म (न तापवता चिकटणारी), आणि वर सांगितल्याप्रमाणे फोटो पूर्ण वाळल्यावरच. गरम लॅमिनेशनमध्ये आरसीच्या थराला फोड येतात.

अनुस्वार

ठरलं ते असं: दीडशे फोटो लॅबला, ए४ साठी कंपनीचा सेमी-ग्लॉस २६० चा वीसचं पाकीट, फ्रेमला माउंट. १८० चा उरलेला कागद 'ग्लॉसी फोटो पेपर' सेटिंगवर प्रकल्पांना. एकच राहिलं, स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो आणि कागदावर काळपट येतो. कागद बदलून हे सुटेल का?

शाईवाला

नाही. स्क्रीनची ब्राइटनेस जास्त आहे. कोऱ्या फोटो पेपरचा एक तुकडा स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, आणि दोन्ही सारखेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बहुतेक लॅपटॉपवर ती निम्म्याच्याही खाली येते. मग फोटो बघून पुन्हा उजळ करा आणि ए४ वाया घालवण्याआधी त्याच कागदाच्या ४×६ तुकड्यावर चेहऱ्याचा भाग खऱ्या आकारात छापून बघा.